पाळणा : चिकलठाण्यात घडलेला इंजिन माउंट

(दृश्य: अंधारं शेड. भिंतीवर वेल्डिंगचा निळा उजेड थरथरतोय.)

चिकलठाणा औद्योगिक वसाहत, छत्रपती संभाजीनगर. मे महिना, दुपारचे दोन. वरचा पत्रा तापलाय आणि पंखा बंद आहे.

"पंखा कुणी लावला होता रे बाळा? नळीला वारं लागायलं होतं."

हे मामा. वसाहतीत सगळे त्यांना आर्गॉनवाले मामा म्हणतात. वारं लागलं की जोडावरचं आर्गॉन वायूचं पांघरूण विस्कटतं आणि हवा आत शिरते. शिवाय ही नळी झटकन गार झाली तर जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होतं. म्हणून जोड आपला आपण निवेपर्यंत माणसांनी घाम गाळायचा.

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग करणारी वर्कशॉप उभी राहिली. मामांचा हात तिथे बसला. फ्रेम, सायलेन्सर, स्टँड. आज समोर आहे ते विमानाच्या नाकातलं काम. ड्रॉइंगवर त्याचं नाव इंजिन माउंट, म्हणजे इंजिन विमानाला धरून ठेवणारा नळ्यांचा सांगाडा. मामा त्याला पाळणा म्हणतात, आणि आम्हीही तेच म्हणू.

(दृश्य: टेबलावर उघडलेलं इंजिन. तेलकट हातात त्रिकोणी रोटर.)

विमान बांधणारा तरुण लातूरचा. इंजिन माझदाचं. माझदा म्हटलं की आपल्याला स्वराज माझदाची मिनीबस आठवते, पण हे आरएक्स-८ या गाडीतलं १३बी, जपानहून वापरलेलं आणलेलं. यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचं पहिलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये चाललं. माझदाने १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो रस्त्यावर आणली. वर-खाली आपटणारं काही नसल्याने हे इंजिन फार कमी थरथरतं. घरी विमान बांधणाऱ्यांचा जीव त्याच्यावर जडतो तो यामुळेही.

पण विमानासाठीच बनलेल्या लायकमिंग इंजिनाला मागच्या बाजूला माउंटसाठी कान असतात. याला नाहीत. शिवाय विमानात हे उलटं बसतं: गाडीत क्लचकडे असलेलं टोक इथे पुढे, प्रोपेलरकडे. मधे गिअरबॉक्स, कारण इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं आणि प्रोपेलर २७०० च्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून जोरात फिरवला की त्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात. तेव्हा पाळणा तयार मिळत नाही. ज्याच्या त्याच्या विमानाच्या मापाने घडवावा लागतो.

(दृश्य: नळीचं तोंड, अगदी जवळून. कानशीचा आवाज.)

नळी ४१३० क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची. पाऊण इंच व्यास, भिंत जेमतेम सव्वा मिलिमीटर. जालन्याची सळई रोज हाताळणाऱ्या या शेडमध्ये ती पहिल्यांदाच आली.

एक नळी दुसरीला जिथे भिडते, तिथे तिचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापायचं. मामा नळीभोवती कागद गुंडाळून रेघ मारतात. कापतात. मग कानस. नळी उजेडासमोर धरायची, फट दिसते का बघायची. पुन्हा कानस. फट फिलरने, म्हणजे वेल्डिंगच्या भरीच्या तारेने, बुजवता येते, पण मामा ती बुजवत नाहीत, घासतात. संकलनात हा भाग छोटा करायला आमचं मन झालं नाही.

(दृश्य: जाड प्लेटचा जिग, म्हणजे जोडताना नळ्या जागेवर धरणारा साचा. गुण्या, ओळंबा.)

फायरवॉल म्हणजे इंजिन आणि वैमानिक यांच्यामधली भिंत. तिच्यावरची चार भोकं या प्लेटवर जशीच्या तशी उतरवली आहेत. आधी सगळीकडे नुसते टाके. मग जोड, एक वर डावीकडे तर पुढचा खाली उजवीकडे. एकाच कोपऱ्यात उष्णता साठली की सांगाडा ओढला जातो. आणि नीट बघा, यात मोकळा चौकोन कुठेच नाही. चौकोन दाबला की कलतो. त्रिकोण कलत नाही.

इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर मिळून दीडशे किलो धरा. साधं छोटं विमान ३.८ पट भारासाठी आखतात, म्हणजे या नळ्यांवर ५७० किलो. त्यात प्रोपेलरची ओढ आणि पीळ. नाक झटक्यात वळलं तर फिरता प्रोपेलर भोवऱ्यासारखा आडवा जोर लावतो, तोही इथेच येतो. उद्या विमानाजवळ फोटो निघतील तेव्हा हे सगळं झाकणाखाली असेल. म्हणून आत्ताच बघून घ्या.

(दृश्य: लाल द्रव, कापड, पांढरी भुकटी.)

डीपी टेस्ट, जोडातली भेग शोधायची चाचणी. लाल द्रव फासायचा, पुसायचा, पांढरी भुकटी मारायची. जोड चांगला असेल तर पांढरा पांढराच राहतो.

खालच्या जोडापाशी केसाएवढी लाल रेघ उमटते.

(निवेदन नाही. मामांचा चेहरा.)

तो जोड कापला. नवी नळी, नवं तोंड, पुन्हा कानस.

उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडून, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, यायची आहे, कागद सुरू आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी व्हायलाही वर्षं गेली, २०१७ उजाडलं.

(दृश्य: फायरवॉल. चौघांच्या हातांवर पाळणा.)

हातोडी मामांनी आधीच लांब ठेवायला सांगितलीय. पहिला बोल्ट ते अंगठ्याने ढकलतात. जातो. दुसरा, तिसरा. चौथा अडतो. मामा पाळण्याला खालून दोन बोटांचा आधार देतात.

जातो.

(फक्त शेडमधले आवाज.)