जिनिंगच्या ऑफिसात नवा राउटर बसवताना: नेट जोडण्याआधीची कामं आणि नंतरची

राम राम मंडळी. हंगाम तोंडावर आलाय. एकदा कापसाच्या गाड्या लागल्या की जिनिंगवर (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) कोणाला मान वर करायला फुरसत नसते, म्हणून हा व्हिडिओ आत्ताच करतोय. व्यवसायासाठी घेतलेला राउटर खोक्यातून काढल्यापासून कामाला लागेपर्यंत काय काय करायचं, ते आज पूर्ण करून दाखवतो.

उदाहरण जिनिंगचं घेतलंय. बोदवडला जा, जामनेरला जा, धरणगाव किंवा शहाद्याला जा, मांडणी थोडीफार सारखीच. फाटकाजवळ वजनकाटा, आत ऑफिस, मागं शेड आणि सगळीकडे कॅमेरे. तुमची दाल मिल असेल, सावदा-रावेरकडं केळीच्या व्यापाराचं ऑफिस असेल, तरी यातलं जवळजवळ सगळं तसंच्या तसं लागू पडेल.

राउटर बसवून झाला की मालक एकच विचारतात, "भाऊ, नेट चालू शे ना? मंग बस." पण नेट चालू करणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. व्यवसायाचा राउटर आपण घेतो तो कुठल्या यंत्रानं कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, हे आपल्या हातात राहावं म्हणून. तेवढंच केलं नाही, तर महागाचा राउटर घेऊन उपयोग काय झाला?

[कॅमेरा टेबलावर. कागद, पेन.]

पहिलं काम कागदावर. राउटरला अजून वीजसुद्धा देऊ नका. आपल्या जागेत नेटवर्कला काय काय जोडलंय ते लिहा. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, मुख्य कॉम्प्युटर. काट्यावरचा कॉम्प्युटर. दोन प्रिंटर. कॅमेऱ्यांचा एनव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा. हजेरीचं मशीन. स्टाफचे मोबाइल. आणि बाहेरून येणारी माणसं: गाडीवाले, शेतकरी, दलाल, सीए. आता यांचे तीन गट पाडा. ऑफिस, कॅमेरे, पाहुणे. पुढचं सगळं या तीन गटांवर उभं राहणार आहे, तेव्हा इथं घाई नको.

[राउटर हातात. खालचं स्टिकर जवळून.]

आता राउटर उलटा करा. हे स्टिकर बघा. पत्ता, युझरनेम, पासवर्ड. मायक्रोटिकचा पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.८८.१ असतो, टीपी-लिंक ओमाडाचा १९२.१६८.०.१. याचा फोटो काढून ठेवा, कारण एकदा रॅकमध्ये बसला की हे वाचायला तो परत उतरवावा लागतो.

लॅपटॉप केबलनं लॅनच्या, म्हणजे आतल्या नेटवर्कच्या, पोर्टला जोडायचा. वायफायवरून नको, मधेच तुटलं तर अर्धवट सेटिंग राहतं. आणि वॅनचं पोर्ट, म्हणजे जिथं कंपनीची इंटरनेटची तार येते ते, रिकामंच ठेवायचं. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकलात की "हे कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येऊ शकतो. राउटर स्वतःचं प्रमाणपत्र स्वतःच बनवतो, म्हणून ब्राउझर कुरकुरतो. तार थेट तुमच्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंतच आहे, तेव्हा पुढं जायला हरकत नाही.

आत गेल्या गेल्या पासवर्ड बदला. २०१६ साली मिराई नावाचा व्हायरस पसरला होता. त्याच्याकडं हुशारी अशी काही नव्हती. कारखान्यातून येणारी साठेक युझरनेम-पासवर्डची यादी होती, आणि ती तो इंटरनेटवर दिसेल त्या कॅमेऱ्याला, डीव्हीआरला, राउटरला लावून बघायचा. एवढ्या भांडवलावर त्यानं लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तशाच उपकरणांच्या फौजेनं डाइन या डीएनएस कंपनीवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर, हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अडखळल्या. त्यातली बरीचशी उपकरणं कोणाच्या तरी दुकानातली, घरातलीच होती. तेव्हा "अ‍ॅडमिन" आणि "१२३४" ठेवून पुढं जाऊ नका. लांब पासवर्ड घ्या, कागदावर लिहा आणि तो कागद मालकाच्या तिजोरीत ठेवा. बसवणाऱ्याच्या मोबाइलमध्ये नाही. आपल्याकडं राउटर मालकाचा आणि पासवर्ड तिसऱ्याचाच, असं फार ठिकाणी असतं. तो माणूस पुण्याला नोकरीला गेला की इकडं राउटर रीसेट करून सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आधीच लॅपटॉपवर उतरवून आणा, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरूनच, आणि मॉडेलसोबत हार्डवेअरची आवृत्तीही जुळतेय ना ते बघा. अपडेट चालू असताना वीज गेली तर राउटर मरू शकतो. यूपीएसवर लावूनच करा.

मग वेळ. टाइम झोन भारताचा, +५:३०, आणि एनटीपी, म्हणजे नेटवरून आपोआप वेळ जुळवायची सोय, चालू. हे सेटिंग लोक सोडून देतात. बऱ्याच छोट्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की घड्याळ जुन्या तारखेला जातं, आणि मग लॉगमधल्या, म्हणजे राउटरच्या नोंदींतल्या, वेळांना काही अर्थ उरत नाही. रात्री फाटकावर काही घडलं, कॅमेरा एक वेळ सांगतो, राउटर दुसरी. कोणाचं खरं धरायचं? सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांतही घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा आणि लॉग १८० दिवस ठेवा, असं सांगितलंय. राउटरच्या पोटात एवढे लॉग मावत नाहीत, ते ऑफिसातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर पाठवायची सोय करा.

[स्क्रीनवर: लॅन सेटिंग]

आता या व्हिडिओतला महत्त्वाचा भाग, आतल्या नेटवर्कचा पत्ता.

खाजगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन पट्टे राखून ठेवलेत: १० नं सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. लोक काय करतात, आलाय तो १९२.१६८.१.१ तसाच ठेवतात. आणि इंटरनेट कंपनीनं भिंतीवर जे डबडं लावलंय, ज्यात फायबर येते, त्याचाही पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमननं काय करायचं? राउटरला कळत नाही की हा पत्ता आतला की बाहेरचा. नेट चालतच नाही, नाहीतर चालतं-बंद होतं आणि तुम्ही कंपनीला फोन करत बसता. शिवाय उद्या मालकाला घरून ऑफिसला व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरूनच पण बंद बोगद्यातून, जोडायचं झालं, तर घरीही १९२.१६८.१, ऑफिसातही तेच. पुन्हा तोच घोळ.

म्हणून मी १० चा पट्टा घेतो. ऑफिस १०.२०.१०.१, कॅमेरे १०.२०.२०.१, पाहुणे १०.२०.३०.१. मास्क, म्हणजे गट केवढा ते ठरवणारा आकडा, तिन्हीकडं २५५.२५५.२५५.०, म्हणजे प्रत्येक गटात २५४ पत्ते. नुसता पत्ता बघून कळतं की हे यंत्र कुठल्या गटातलं.

डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटणारी सोय, ऑफिसात १०० ते २०० पर्यंतच ठेवा. १०० च्या खालचे पत्ते आपल्या हातचे. टॅलीच्या कॉम्प्युटरला १०, काट्याला ११, प्रिंटरला २० आणि २१. हे पत्ते त्या त्या यंत्राच्या मॅक पत्त्याला, म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या ओळख क्रमांकाला, राउटरमध्येच बांधून टाका. प्रिंटरचा पत्ता रोज बदलत राहिला, तर एके दिवशी पावती छापायची थांबते आणि फाटकावर ट्रॅक्टरची रांग लागते.

[स्क्रीनवर: जोडलेल्या उपकरणांची यादी]

ही यादी बघा. टॅली-सर्व्हर, काटा-पीसी, प्रिंटर आणि त्यांच्या मधोमध रेडमी, रिअलमी, व्हिवो. हे मोबाइल कोणाचे? कोणाला माहीत नाही. कधीतरी कोणीतरी कोणाला पासवर्ड सांगितला. आपले खातेवही आणि बिलं असलेला कॉम्प्युटर या अनोळखी मोबाइलांच्या पंगतीत बसलाय. हे मला खरंच बघवत नाही, आणि हे मिटवायला व्हीलॅन लागतं.

व्हीलॅन म्हणजे एकाच राउटरवर, त्याच तारांवर वेगवेगळी नेटवर्कं. नंबर १ ते ४०९४ मधला कुठलाही. आपण ऑफिसला १०, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांना ३० देऊ, पत्त्यातला तिसरा आकडा आणि हा नंबर एकच ठेवू. ज्या पोर्टला एकच कॉम्प्युटर लागतो ते अ‍ॅक्सेस पोर्ट, त्याला एकच व्हीलॅन. ज्या पोर्टवरून स्विचला (एका तारेचे अनेक फाटे करणारा डबा) किंवा वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटला तिन्ही नेटवर्कं न्यायची, ते ट्रंक. मधला स्विच साधा, स्वस्तातला असेल तर हे जमणार नाही. मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यात सेटिंग करता येतं तो, लागेल, तेवढा खर्च धरूनच चला.

काही राउटरमध्ये व्हीलॅन पाडलं तरी ती एकमेकांशी बोलतच राहतात. फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या राखणदारात, नियम लिहावे लागतात. पाहुण्यांकडून ऑफिसकडं: बंद. कॅमेऱ्यांकडून ऑफिसकडं: बंद. कॅमेऱ्यांकडून इंटरनेटकडं: तेही बंद. ऑफिसकडून एनव्हीआर बघायला: चालू. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून "सगळ्यांना परवानगी" हा नियम चुकून वर बसला तर खालच्यांना काही किंमत राहत नाही.

वायफाय पटकन. सुरक्षेला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिननं जोडायची सोय) बंद, दोन नावं: एक स्टाफचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांचा पासवर्ड हंगामात दर महिन्याला बदला आणि वेगाला मर्यादा घाला.

[वॅनची तार हातात]

आता कुठं ही तार जोडायची. कंपनीला आधी विचारून ठेवा: डीएचसीपी (पत्ता आपोआप), स्टॅटिक (ठरलेला पत्ता) की पीपीपीओई (लॉगिन करून)? पीपीपीओई असेल तर युझरनेम-पासवर्ड लागतो, आणि एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, १४९२ लागतो. तो १५०० राहिला तर काही साइट झटकन उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. असं दिसलं की आधी एमटीयू बघा. भिंतीवरच्या डबड्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता पूल म्हणून, टाकून द्यायला सांगा, म्हणजे पत्ता थेट आपल्या राउटरवर येतो.

दुसरी लाइन घ्याच, मोबाइल सिमवरची चालेल. ई-वे बिलाशिवाय गाठींची गाडी हलत नाही. पण एक लक्षात घ्या. रस्त्याच्या कामात जेसीबीनं कुठं लांब फायबर तोडली, तरी भिंतीवरचं डबडं आणि राउटर यांच्यातली तार शाबूतच असते. राउटरला वाटतं लाइन चालू आहे. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यावर लावा, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ला पिंग, म्हणजे उत्तर येतं का बघायची हाक. तिथून उत्तर आलं नाही की दुसऱ्या लाइनवर जा.

बाहेरून राउटर उघडायची सोय, रिमोट मॅनेजमेंट, बंद. यूपीएनपी, म्हणजे यंत्रांनी स्वतःच बाहेरचं दार उघडायची सोय, बंद. कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून थेट आत यायची वाट, करून द्या असं मालक सांगतील, करू नका. त्यानं अख्ख्या जगाला तुमच्या एनव्हीआरचं दार दिसतं. आणि वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल, तर ते चालणारही नाही, कारण कंपनीनं एक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. कॅमेरे बघायला व्हीपीएन करायचं. त्यावर पुढचा व्हिडिओ आहे.

[शेड. कॅमेरा वर पत्र्याकडं.]

राउटर ठेवायचा कुठं, हे आपल्या खान्देशात सेटिंगइतकंच महत्त्वाचं. बऱ्याच छोट्या राउटरच्या कागदावर ४० अंश ही वरची मर्यादा लिहिलेली असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं सावलीतला पारा ४५ च्या आसपास जातो, तर पत्र्याखाली काय होत असेल? ऑफिसच्या खोलीत, खालच्या अंगाला, भिंतीवर लावा. आणि ही जाळी बघा. रुईचे तंतू असे थर धरून बसतात, बोटानं ओढलं की पापुद्रा निघतो. हवा आत जातच नाही. हंगामात दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडा.

फाटकावरच्या काट्यापर्यंत तांब्याची लॅन केबल नेऊ नका. एक तर १०० मीटरच्या पुढं ती भरवशाची नाही. दुसरं, उघड्या आवारातून जाणारी तांब्याची तार म्हणजे वळवाच्या पावसात विजेचा झटका थेट ऑफिसात आणणं. फायबर टाका, धातूची तार नसलेली, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जुळवणारे डबे.

झालं की सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या, तो त्या पासवर्डच्या कागदाबरोबर तिजोरीत. कमांड लिहून चालणारे राउटर असतील, सिस्कोसारखे, तर चालू सेटिंग वेगळं आणि साठवलेलं वेगळं असतं. साठवायची कमांड दिली नाही तर वीज गेल्यावर सगळं पुसलं जातं.

आता तपासणी. मोबाइल पाहुण्यांच्या वायफायवर टाका आणि ऑफिसच्या प्रिंटरचा पत्ता उघडून बघा. उघडला नाही पाहिजे. पहिल्या लाइनची तार काढा, मिनिटभरात दुसरी लागते का बघा. मग राउटरची वीजच बंद करा, परत द्या, आणि कशालाही हात न लावता काट्याची पावती छापून बघा. छापली गेली नाही तर कुठं अडलं ते कमेंटमध्ये लिहा, राउटरच्या मॉडेलसकट. पासवर्ड तेवढा लिहू नका. मी एकेकाला उत्तर देतो.