भरपाईतला वाटा कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

घरातला कमावता माणूस रस्त्यावरच्या अपघातात जातो आणि तेरावा व्हायच्या आत कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. कधी लांबच्या ओळखीचा, कधी हॉस्पिटलच्या आवारात भेटलेला. "वहिनी, काळजी करू नका. क्लेम आम्ही टाकतो. तुम्ही खिशातून एक रुपया घालायचा नाही. पैसे आले तर आमची टक्केवारी, नाही आले तर तुमचं काही देणं नाही." पुढे केलेलं वकीलपत्र कोरं असतं आणि बऱ्याचदा त्यासोबत दोन-चार कोऱ्या चेकांवरही सह्या घेतल्या जातात.

त्या घडीला हे बोलणं आधाराचं वाटतं, आणि ते वाटणं साहजिक आहे. घरात पैसा नाही, कोर्टाची पायरी कधी चढलेली नाही. पण आपल्या देशात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या पैशात वाटाही मागता येत नाही. वकिलांचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचा तसा स्पष्ट नियम आहे. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतला निम्मा हिस्सा घेण्याचा करार केला होता, ते 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. अलीकडचं, 2017 चं प्रकरण तर अपघाताच्याच दाव्याचं आहे. तेलंगणातल्या एका विधवेने वकिलाला दहा लाख रुपये दिले होते. त्यावर आणखी तीन लाखांचा चेक तिच्याकडून घेतला गेला. तो वटला नाही म्हणून वकिलाने तिच्यावरच फौजदारी केली. सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला आणि टक्केवारीची फी सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याचं सांगितलं.

टक्केवारी म्हणजे नेमके किती पैसे, हे आकड्यांत पाहू. समजा, माणूस 34 वर्षांचा होता, स्वतःचा टेम्पो चालवून महिन्याला पंधरा हजार कमवत होता. मागे बायको, दोन मुलं आणि आई. अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण त्याच्या उत्पन्नात भविष्यातली वाढ म्हणून 40 टक्के धरतं, म्हणजे एकवीस हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की राहतात पंधरा हजार सातशे पन्नास. त्याला बाराने गुणायचं आणि मग वयाप्रमाणे ठरलेल्या 16 ने. भरपाई येते तीस लाख चोवीस हजार. सांत्वन, अंत्यविधी वगैरे रकमा वेगळ्या. यातले पंचवीस टक्के म्हणजे साडेसात लाखांहून जास्त. टेम्पोवाल्याची पाच महिन्यांची नव्हे, चार वर्षांची कमाई.

इंग्लंडमध्ये हीच पद्धत उघडपणे चालते. हरलात तर वकिलाला फी नाही, जिंकलात तर नेहमीच्या फीवर यशाची जादा फी. पूर्वी ही जादा फी हरलेल्या पक्षाकडून वसूल व्हायची. एप्रिल 2013 पासून ती जिंकणाऱ्याच्या भरपाईतून जाते, पण दुखापतीच्या दाव्यात तिला 25 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि पुढच्या काळातल्या उपचारांसाठी किंवा बुडणाऱ्या पगारासाठी मिळालेल्या पैशाला हात लावता येत नाही. तिथे सगळं लेखी असतं. आपल्याकडे हा व्यवहार मनाई असल्यामुळे तोंडी होतो. पावती नाही, मर्यादा नाही, आणि भांडण झालं तर दाखवायला कागद नाही. मला यातली सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. पदरचे पैसे घालून, पक्षकाराला सांभाळून घेत वर्षानुवर्षं दावा लढवणारे वकीलही आहेत, हे मी आदराने सांगते. त्यांनीही फी ठरावीक रकमेत, टप्प्याटप्प्याने आणि लेखी ठरवली तर दोघांचंही भलं आहे.

तडजोडीच्या वेळी टक्केवारी कशी आड येते तेही बघा. याच टेम्पोवाल्याच्या दाव्यात लोकअदालतीत विमा कंपनीचा अधिकारी म्हणतो, वीस लाखांत मिटवू. टक्केवारीवरच्या वकिलापुढे हिशेब असा: आज पाच लाख, की काही वर्षांनी साडेसात? कुणालाही आजचे पाच बरे वाटतील. कुटुंबाचं मात्र त्यात, वकिलाचा वाटा वजा करूनही, साडेसात लाखांचं नुकसान होतं. आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं.

म्हणून तडजोड वाईट, असं मुळीच नाही. उत्पन्नाचा पुरावा कच्चा असेल, चालकाच्या लायसन्सवरून वाद असेल, तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं शहाणपणाचं आहे. शिवाय भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि उच्च न्यायालयातली फेरी टळते. पण पंचनामा स्वच्छ असेल, पॉलिसी चालू असेल, तर घाई कशाला? सही करण्यापूर्वी विचारा: ही रक्कम व्याजासकट आहे का? किती दिवसांत जमा होणार? कुणाच्या खात्यात? मुलांच्या नावे मुदत ठेव किती? पासबुक आणि चेकबुक कायम स्वतःजवळ ठेवा.

आता पैसे नसलेल्या घराने काय करायचं? विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, पण त्यातली एक गोष्ट अजून घरोघरी पोहोचलेली नाही. स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नवरा गमावलेल्या बाईला उत्पन्नाचा दाखला मागायचा प्रश्नच येत नाही. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग आणि औद्योगिक कामगारही यात येतात. कोर्ट फी, टायपिंग, नकलांचा खर्चही प्राधिकरण करतं. या वकिलाला तुमच्याकडून काहीही घ्यायचा अधिकार नाही. मागितलं तर तिथेच तक्रार करा.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते. फोन करायचा तर 15100. जाताना फिर्यादीची नकल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीच्या विम्याचा कागद आणि आधार कार्ड न्या. एखादा कागद हाती नसला तरी जा. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणात दावा टाकता येतो. एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, तेव्हा वर्षश्राद्धापर्यंत थांबू नका.

नमस्कार.