शेजारी रशिया असताना

(दृश्य: हेलसिंकी, बर्फाळ सकाळ. पार्श्वभूमीला पितळी वाद्यांचे धीरगंभीर सूर.)

1899. फिनलंड अजून स्वतंत्र देश नाही. रशियन साम्राज्यातला तो एक स्वायत्त प्रांत. त्या फेब्रुवारीत झारनं जाहीरनामा काढून ही स्वायत्तता आवळली. वृत्तपत्रंही बंद पडू लागली. नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीत पत्रकारांच्या मदतीसाठी, निदान कागदोपत्री त्यासाठीच, कार्यक्रम झाले. त्यात फिनिश संगीतकार ज्याँ सिबेलियसचं संगीत वाजलं. त्याचाच शेवटचा भाग पुढे ‘फिनलंडिया’ झाला. शब्द एकही नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला. झारच्या राज्यात ही रचना मग भलत्याच नावांनी वाजवावी लागे.

गंमत अशी, की हे फिनलंडचं राष्ट्रगीत नाही. राष्ट्रगीताची चाल जर्मनीत जन्मलेल्या संगीतकाराची, आणि एस्टोनियाचं राष्ट्रगीतही त्याच चालीवर!

(दृश्य: जंगलातले खंदक, जुनं चित्रण.)

1917 साली स्वातंत्र्य मिळालं. पुढे 1939 ते 1944 दरम्यान सोव्हिएत संघाशी दोन युद्धं. पूर्वेकडच्या कारेलिया प्रांताचा मोठा भाग गेला, सुमारे 4 लाख माणसं घरदार सोडून आली.

1954 साली वाइनो लिन्नाची ‘अज्ञात सैनिक’ ही कादंबरी आली. लिन्ना ताम्पेरेच्या कापडगिरणीतला कामगार, आघाडीवर लढून आलेला. त्याचे सैनिक आपापल्या बोलीत बोलतात, अधिकाऱ्यांची टर उडवतात, आणि तरी लढतात. प्रकाशकानं काही मजकूर गाळला होता. तो वाचकांपुढे यायला 2000 साल उजाडलं.

(दृश्य: पूर्व सीमा, आकाशातून.)

परराष्ट्र धोरणातही अशी गाळणी होती. 1948 साली मॉस्कोशी मैत्री करार झाला. त्यानंतर सोव्हिएत संघाविषयी जपून बोलायचं, हा शिरस्ता पडला. 1974 साली रशियन लेखक सोल्झेनित्सिनच्या ‘गुलाग’चा, म्हणजे सोव्हिएत छळछावण्यांवरच्या पुस्तकाचा, पहिला खंड फिनिश भाषेत आला, तो छापला गेला स्वीडनमध्ये. पाश्चात्त्यांनी या वागण्याला ‘फिनलंडीकरण’ म्हणून हिणवलं. ते हिणवणं आम्हाला अर्धंच पटतं. हंगेरीत आणि चेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसले; फिनलंडमध्ये निवडणुका होत राहिल्या. पण या जपून बोलण्याची किंमत लेखकांनी आणि वाचकांनीही मोजली.

फेब्रुवारी 2022मध्ये रशियानं युक्रेनवर चढाई केली आणि तो जुना हिशेब मोडला. 4 एप्रिल 2023 रोजी फिनलंड नाटोचा 31वा सदस्य झाला. रशियाला लागून असलेली त्याची सीमा सुमारे 1,340 किलोमीटरची. वर्ष संपता संपता तिच्यावरची रस्त्यांची नाकी फिनलंडनं बंद केली.