सातबाऱ्यावर कोणाचं नाव?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका इमारतीतले चार-पाच जण माझ्याकडे आले. सोबत एक कापडी पिशवी, त्यात नुसते कागद. इमारत बावीस वर्षांची, चौदा फ्लॅट, गच्ची गळते. पुनर्विकासाचं ठरलं, बिल्डरही मिळाला, आणि त्यानं पहिलंच विचारलं, "जमीन कोणाच्या नावावर आहे?" ही मंडळी म्हणाली, आमच्याच. सातबारा काढला तर त्यावर मूळ शेतकऱ्याचे सहा वारस. बावीस वर्षं घरपट्टी भरणाऱ्या चौदा घरांपैकी एकाचंही नाव नाही.

त्यांच्यातले एक काका, निवृत्त शिक्षक, रडवेल्या आवाजात म्हणाले, "अहो मॅडम, आम्ही रजिस्टर केलंय की! स्टॅम्प भरलाय, इंडेक्स-टू आहे!"

इंडेक्स-टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा. काकांचं खरं होतं. फ्लॅट त्यांचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण बिल्डरकडून फ्लॅट घेताना आपण नोंदवतो तो बहुतेक वेळा करारनामा असतो, आपल्या भाषेत साठेखत. खालची जमीन आणि इमारत बिल्डरनं नंतर सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. सरकारी कागदात याला 'अभिहस्तांतरण' म्हणतात. हा शब्द एका दमात म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय, म्हणून सगळे 'कन्व्हेयन्स'च म्हणतात. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यानं ही जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे. बिल्डर टाळत असेल, सापडत नसेल किंवा मूळ मालक अडून बसला असेल, तर २००८ च्या दुरुस्तीनंतर सोसायटी सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. सुनावणी होते, आदेश निघतो आणि बिल्डरच्या सहीशिवाय दस्त नोंदवता येतो. हे मानीव अभिहस्तांतरण. अर्जाचा निकाल सहा महिन्यांच्या आत द्यावा असं कायदा म्हणतो.

सोसायटीऐवजी 'अपार्टमेंट' असेल तर गाडी वेगळ्या रुळावर. तिथे १९७० चा अपार्टमेंट मालकीचा कायदा लागतो. घोषणापत्र नोंदवलेलं असतं आणि प्रत्येकाला स्वतंत्र अपार्टमेंट डीड, म्हणजे आपल्या घराचं आणि जमिनीतल्या हिश्श्याचं खत, करून घ्यावं लागतं. गंगापूर रोडला फ्लॅट बघायला गेलात तर टाईल्सचा रंग विचारण्याआधी विचारा, की ही सोसायटी आहे का अपार्टमेंट, आणि अपार्टमेंट असेल तर डीड झालंय का.

आता लोक जे नेहमी विचारतात त्याकडे येते.

"बँकेनं कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद चोखच ना?" बँकेचा वकील बँकेसाठी कागद बघतो. आपलं कर्ज वसूल होईल का, एवढी त्याला फिकीर. तुमच्या नातवापर्यंत हे घर निर्धोक राहील का, हे त्याच्या कामात येत नाही. बिल्डरच्या वकिलाचंही तेच. तुमचा माणूस वेगळा हवा, आणि त्याच्याकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे जागेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, घ्या. लाखो रुपयांच्या व्यवहारात या काही हजारांवर घासाघीस करणारी माणसं मी रोज बघते.

"रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारनं मालकी तपासली ना?" नाही हो. दुय्यम निबंधक तुमची ओळख बघतात, मुद्रांक बरोबर भरलाय का बघतात, अंगठा आणि फोटो घेतात. विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का, हे तपासायचं काम तुमचं.

ते कुठं तपासायचं? सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात. लोक मालकाचं नाव वाचतात, क्षेत्रफळ वाचतात आणि कागद घडी घालून ठेवतात. मखमलाबादकडचा एक प्लॉट होता. मालक एकच, भाव बरा, सगळं छान. इतर हक्कात बारीक अक्षरात एक ओळ होती, 'कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र'. म्हणजे ती जमीन कधीकाळी कुळाला मिळालेली आणि तिच्या विक्रीवर बंधन. घेणारा विसार देऊन बसला होता. पुढचं वर्ष त्यानं तहसील कार्यालयाच्या बाकावर काढलं. त्याच रकान्यात बँकेचा बोजा असतो, कोर्टाचा दावा असतो, लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा हक्क असतो. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असा शेरा दिसला तर तिथंच थांबा आणि परवानगीचा कागद मागा. ओळ कळली नाही तर तिच्यासमोर लिहिलेल्या क्रमांकाचा फेरफार, म्हणजे ती नोंद कशी झाली त्याचा कागद, काढा, गोष्ट त्यात असते. जुन्या नाशकातला वाडा असेल तर सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते, आणि वारसांची यादी कधीकधी वाड्यापेक्षा लांब.

आणि गोदाकाठाजवळ घेत असाल तर पूररेषा बघा. २००८ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना हे सांगायला नको.

खर्च पटकन सांगते. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के. खरेदी फक्त बाईच्या नावानं असेल तर एक टक्का कमी. नवरा-बायको दोघांची नावं लावली की ही सवलत गेली. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे पन्नास लाखांच्या फ्लॅटला तीन लाख मुद्रांक आणि तीस हजार नोंदणी. करारातली किंमत रेडीरेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, कमी दाखवली तरी शुल्क रेडीरेकनरवरच भरावं लागतं. किंमत पन्नास लाख किंवा जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून भरायचा, आणि तो घेणाऱ्यानं. हे विसरून नोटीस आलेले किती तरी जण येतात. बांधकाम चालू असेल तर जीएसटी वेगळा. आणि बिल्डरनं करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागितले तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचं, कलम १३ दाखवा.

"मुखत्यारपत्रावर स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय, की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी मिळत नाही. स्वस्त का मिळतंय, ते यातच आलं.

"घरपट्टी, लाईटबिल नावावर झालं, आता काय राहिलं?" सगळंच राहिलं. ती बिलं पैसे कोणाकडून घ्यायचे हे सांगतात, मालक कोण ते नाही.

दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीला द्या. मुहूर्तासाठी थांबणारे फार. पाडव्यापर्यंत थांबू म्हणता म्हणता मुदत टळते आणि दंड लागतो.

काकांचं काय झालं म्हणाल, तर त्यांच्या सोसायटीचा अर्ज तयार होतोय. चौदाही घरांच्या इंडेक्स-टूच्या प्रती जोडायच्या आहेत. काकांनी शाळेची हजेरी घ्यावी तशी वहीत नावं लिहिली आहेत आणि प्रत आली की समोर टिक करतात. अकरा झाल्या. एक फ्लॅटमालक पुण्याला आहे, तो पाठवतोय. एकानं फ्लॅट आधीच्या फ्लॅटमालकाकडून घेतला, पण पहिला करारनामा मागायचाच विसरला, तो आता त्यांचा पत्ता शोधतोय. आणि तिसऱ्याची फाईल माळ्यावर वाळवीनं खाल्ली. त्यांना मी सांगितलं, घाबरू नका, दस्त ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला तिथून प्रमाणित नक्कल मिळते. फक्त दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं, आणि ते काकांच्या वहीत आहे.