गच्चीवरचं केल: बारा पिशव्या, एक हिवाळा

चौघांच्या घराला केल या पालेभाजीची बारा रोपं लावावीत. जोमात आलेल्या रोपाची आठवड्याला तीन पानं खुडता येतात, म्हणजे 36 पानं. जाड शिरा काढल्या, भाजी कढईत आळली, की एका वेळचं भागतं. रोजच्या भाजीची आशा धरू नका.

केल हा कोबी-नवलकोलाचाच भाऊबंद, पण गड्डा धरत नाही. कोबी कापला की वाफा रिकामा. केल खालून खुडत राहिलं तर तीन-चार महिने पानं देतं. काश्मिरात परसात लावतात ते हाक याच जातकुळीतलं.

बियाणं निवडताना कुरळ्या पानांच्या मोहात पडू नका. त्या चुण्यांत मावा ही बारीक कीड दडली की फवारा आत पोचतच नाही. सपाट, लांबट पानांचं वाण घ्या.

पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बी ट्रेमध्ये एक सेंटीमीटर खोल. आठवड्याभरात उगवतं आणि त्याच दिवसापासून त्याला ऊन लागतं. सावलीत राहिलं तर रोप लांबट, लेचंपेचं होतं. चार-पाच पानांवर आलं की बारा इंची पिशवीत एकच रोप, खालच्या पानापर्यंत देठ मातीत जाईल असं लावा. जमिनीत असेल तर दोन रोपांत दीड फूट. पिशवीत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. शेणखत मुरलेलंच हवं. कच्च्यातून मुळं खाणारी हुमणी अळी येते.

आता कीड-रोग. अधूनमधून पान उलटून बघा. शिरेलगत राखेसारखी भुकटी दिसते, तो मावा. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल, दोन मिली साबणाचं पाणी, संध्याकाळी. आठवड्याने पुन्हा. पानाला पातळ पापुद्र्याच्या खिडक्या पडल्या असतील आणि हात लावताच हिरवी अळी धाग्याला लोंबकळत असेल, तर ती चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची. तिच्यावर औषधापेक्षा जाळी बरी, तीही लावणीच्याच दिवशी. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीच्या आकाराचा पिवळा डाग आला तर तो घाण्या रोग. ते रोप उपटून गच्चीबाहेर टाका, कंपोस्टमध्ये नको.

पहिली तोडणी लावणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी. पान देठापाशी खाली दाबून मोडायचं, शेंड्याकडची पाच-सहा पानं ठेवायची. शेंडा खुडला की रोप बाजूला फुटतं, पानं बारीक येतात. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी शेणखत.

मार्चच्या उन्हात पानं कडवट, चामट होतात. 50 टक्क्यांच्या शेडनेटखाली आणखी थोडे दिवस निघतात, पण त्यापेक्षा पिशव्या रिकाम्या करून चवळी लावलेली परवडते.

बियाण्याचं स्वावलंबन मात्र इथे जमत नाही. फुलोरा यायला केलला लांबलचक कडाक्याची थंडी लागते, ती पुण्या-नाशकात मिळत नाही. पाकीट विकतच आणायचं. उरलेलं बी कोरड्या बरणीत, गार जागी ठेवलं तर तीनेक वर्षं उगवतं. दर सप्टेंबरला दहा बिया ओल्या कागदात घालून पाहा, सातच्या खाली उगवल्या तर नवं पाकीट घ्या.