नर-मादी वाहू लागले की

(दृश्य : नळदुर्गचा बंधारा, शेजारी शेजारी कोसळणाऱ्या दोन धारा, हवेत उडणारे तुषार.)

बोरी नदीला पाणी आले आणि नळदुर्गचे नर-मादी धबधबे वाहू लागले, ही बातमी सोलापुरात पोहोचायला वेळ लागत नाही. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर सकाळपासून एमएच १३ क्रमांकाच्या गाड्या दिसू लागतात. आजी-आजोबा, लहान मुले, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, असा सगळा लवाजमा सुमारे ५० किलोमीटरचे अंतर तासाभरात पार करून किल्ल्यात पोहोचतो आणि दिवस मावळताना घरी परततो.

(दृश्य : पाणी महालाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, आतील अंधार, खिडकीतून दिसणारे पाणी.)

हे धबधबे निसर्गाने घडवलेले नाहीत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर मुहम्मद इमादीन या स्थापत्यकाराने बोरीच्या पात्रात दगडी बंधारा बांधून नळदुर्गचा मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा उपदुर्ग एकमेकांना जोडले. किल्ल्याला बारमाही पाणी मिळावे आणि खंदकाचे कामही व्हावे, एवढ्यावरच तो थांबला नाही. बंधाऱ्याच्या पोटातच त्याने पाणी महाल घडवला. पात्र भरले की जास्तीचे पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून खाली झेपावते आणि महालाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून ते कोसळत असताना तो स्वतः मात्र कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने पुराकडे संकट म्हणून न पाहता सोहळा म्हणून पाहिले, ही गोष्ट आम्हांला प्रत्येक भेटीत नव्याने थक्क करते.

गुलमर्गचा बर्फ पाहण्याची, तिथे स्कीइंग करण्याची हौस सोलापूरकरांनाही आहे आणि ती रास्तच आहे. परंतु त्यासाठी सोलापूरहून नुसते दिल्ली गाठायलाच रेल्वेत एक दिवसाहून अधिक काळ जातो. रजा, आरक्षण आणि खर्च यांची जुळवाजुळव काही महिने आधीपासून करावी लागते आणि इतके करून त्या आठवड्यात बर्फ पडेलच, याची शाश्वती नसते. अशाच कारणांनी बर्फाळ देशांतही आता अनेक कुटुंबे दूरच्या, महागड्या स्की-केंद्रांऐवजी गावाजवळच्या लहान उतारांकडे वळताना दिसतात. रात्री बर्फ पडला की सकाळी निघता येते, मुलांना थोडक्या खर्चात शिकता येते आणि बर्फ वितळला तर फारसे काही गमावलेले नसते.

नळदुर्गचे गणितही नेमके असेच आहे. हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. काही वर्षी आषाढ-श्रावण कोरडे जातात आणि परतीच्या पावसाने हात दिला तरच वरच्या अंगाचे बोरी धरण भरून नदीला पाणी सुटते. काही वर्षी नर-मादी वाहतच नाहीत. ज्या धबधब्याची तारीख कुणालाच आधी सांगता येत नाही, तो पाहण्याचे भाग्य जवळ राहणाऱ्यालाच लाभते. जवळ असण्याचे खरे मोल आम्हांला पैशांच्या बचतीहून अधिक, केव्हाही निघता येण्याच्या या तयारीत दिसते. पाणी हुकले तर पुढच्या रविवारी पुन्हा जाता येते आणि त्या कोरड्या फेरीत एरवी राहून गेलेला नऊ पाकळ्यांचा नवबुरूज आणि उंच उपळी बुरूज निवांतपणे पाहून होतो.

(दृश्य : नान्नजचा माळ, वाऱ्यावर डोलणारे पिवळे गवत, दूरवर काळविटांचा कळप.)

पाऊस सरला की पावले नान्नजकडे वळतात. बार्शी रस्त्यावर सुमारे २० किलोमीटरवर असलेला हा माळ १९७९ साली घोषित झालेल्या माळढोक अभयारण्याचा भाग आहे. ज्याच्या नावाने अभयारण्य झाले, तो पक्षी आता दृष्टीस पडणे अतिशय दुर्मीळ झाले आहे आणि याचे दुःख इथे येणाऱ्या प्रत्येकाने बाळगावे, असे आम्हांला वाटते. तरीही काळविटे आहेत, नशीब असेल तर लांडगा दिसतो, थंडीत गवताच्या अगदी लगत तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. पौषात परतीच्या वाटेवर एखाद्या शेतात आगटीभोवती बसून गरम हुरडाही खाता येतो.

(दृश्य : सीना आणि भीमा यांचा संगम, हत्तरसंग-कुडल येथील मंदिर.)

दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना आणि भीमा जिथे एकत्र येतात, तिथे हत्तरसंग-कुडल आहे. साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंग पाहायला बहुतेक लोक येतात. पण संगमेश्वर मंदिरात मान वर करून थोडा वेळ थांबावे. तिथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील शिलालेख आहे आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतील सर्वांत जुन्या कालनिर्देशित लेखांपैकी एक मानतात. हा लेख वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाचे शब्द त्यात आहेत. अक्षरे झिजली आहेत आणि उजेडही अपुरा असतो, त्यामुळे पहिल्या भेटीत ती सहसा लागत नाहीत. सकाळचे ऊन आत येते त्या वेळी, पुढच्या एखाद्या रविवारी, पुन्हा यावे लागते.