५२ वजा १७

नमस्कार, श्रोतेहो.

एका मुलाच्या वहीतली वजाबाकी तुम्हाला सांगते. ५२ वजा १७. खाली त्यानं उत्तर लिहिलं होतं ४५. मी सवयीनं लाल फुली मारली, शेजारी 'लक्ष दे' असं लिहिलं आणि पुढे गेले. पुढचं गणित ८३ वजा २८, उत्तर ६५. त्यापुढचं ६१ वजा ३४, उत्तर ३३. तिसऱ्या फुलीला माझा हात थांबला. लक्ष नसलेलं मूल तिन्ही वेळा एकाच चालीनं कसं चुकेल?

त्याला जवळ बोलावलं. म्हटलं, "हे कसं केलंस, मला सांग बघू." तो अगदी खात्रीनं म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत. म्हणून सातातून दोन घालवले. लहानातून मोठं जात नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

सांगितलं होतंच. कितीतरी वेळा. त्यानं माझं वाक्य मन लावून ऐकलं होतं आणि मी त्याच्या वहीत लिहिलं होतं, 'लक्ष दे'.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या नेमक्या अशाच चुकांवर लिहिलं आहे. मुलं अंदाधुंद चुकत नाहीत. त्यांच्या मनात एक नियम तयार झालेला असतो, तो चुकीचा असतो, आणि मूल तो इमानानं पाळत असतं. हे वाचलं तेव्हा, ज्यांच्या वह्यांवर मी वर्षानुवर्षं 'निष्काळजीपणा' असा शेरा मारला होता, ती सगळी मुलं माझ्या डोळ्यांपुढे आली.

त्या मुलाला मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, "४५ आणि १७ मिळव." त्यानं मिळवले. ६२ आले. तो वहीकडे बघत राहिला. मला राहवेना, 'हातचा घे' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण गप्प बसले. बराच वेळ गेला. मग तो हळूच म्हणाला, "दहा जास्त आले, बाई." आणि आपणहून पाच दशकांतलं एक दशक सुटं करायला लागला.

हे गप्प बसणं मला फार उशिरा जमलं. शिकवणाऱ्याला शांततेची भीती वाटते. प्रश्न विचारला, उत्तर आलं नाही, की लगेच आपणच उत्तर देऊन टाकतो किंवा पहिल्या बाकावरच्या वर आलेल्या हाताकडे वळतो. मेरी बड रो या अभ्यासिकेनं वर्गांतली ही शांतता चक्क मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं तिला आढळलं. तेच तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबलं, की मुलांची उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद, फक्त. फळ्यापाशी उभं राहून मोजून बघा, किती मोठे वाटतात ते! मी अजूनही मनातल्या मनात मोजते.

आणि 'समजलं का?' हा प्रश्न मी सोडून दिला आहे. त्याला पूर्ण वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. त्या 'हो'मधून मला काहीच कळत नाही. त्याऐवजी मी विचारते, "तुझ्या शेजाऱ्याला हे कसं समजावशील?" मग कुठे काय पोचलं आणि कुठे काय अडलं, ते कानावर येतं.

पोचलेलं टिकतं का, हा निराळाच प्रश्न. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला फार भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पुन्हा वाचा, पुन्हा वाचा. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी याची नीट पारख केली. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंच, अशी मुलांची समजूत होते. परीक्षेच्या दिवशी 'काल तर सगळं येत होतं' म्हणून रडणारं मूल खोटं बोलत नसतं.

म्हणून माझा तास आता वह्या मिटून सुरू होतो. चार प्रश्न. दोन कालचे, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. गुण नाहीत. हे गुण काढून टाकणं पालकांना सुरुवातीला पटलं नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं, कारण गुण हीच त्यांची एकमेव खिडकी असते. पण गुण आले की मुलाची नजर तेवढ्या आकड्यावर जाते आणि खालचा शेरा वाचायचाच राहतो. हे मी रोज पाहिलेलं आहे.

मोठ्या वर्गात प्रत्येकाजवळ बसून 'कसं केलंस?' विचारता येत नाही, ही माझी खरी अडचण. यावर सध्या एवढंच करते: तास संपताना प्रत्येकानं एका चिठ्ठीवर, जिथे अडलं ते लिहून द्यायचं. नाव लिहायलाच हवं असं नाही. बऱ्याच चिठ्ठ्या कोऱ्या येतात. काहींवर 'काही नाही' असतं. पण परवा एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हातचा कळला. पण शेजारी शून्यच असलं, तर हातचा कोणाकडून घ्यायचा?'

कोणी लिहिलं, ते मी शोधलं नाही. उद्याचा तास मी ३०२ वजा १४७ पासून सुरू करणार आहे.

नमस्कार.